शिळे ते सोने

लिनक्सची डिस्ट्रो म्हणजे कर्नल, त्याच्याभोवतीची हजारो पॅकेजे, ती बसवून देणारा एक इन्स्टॉलर आणि या साऱ्यांना एका छपराखाली नांदवण्याचा पत्कर घेतलेली काही माणसे. कर्नल सगळ्यांचा एकच आणि बाकीचे सामानही बहुतेक तेच. तरीही दोन वेगळ्या डिस्ट्रो वापरणारे एका खोलीत आले की चहा निवून जातो. वाद दोनच प्रश्नांवर असतो. कोणती डिस्ट्रो अधिक भरवशाची, आणि ओपन सोर्सच्या सामाईक पोतडीत कोणती अधिक भर घालते? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे आपली स्वतःची डिस्ट्रो, याबद्दल मात्र दोघांचेही एकमत असते.

भरवसा म्हणजे काल जे चालत होते ते आजही चालणे. यावरचा रामबाण उपाय काल आणि आज यांच्यात काहीही न बदलणे हा होय. हे शास्त्र डेबियनने पूर्णत्वाला नेले. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या या डिस्ट्रोच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची नावे असतात. त्यातला खेळणी मोडणारा द्वाड पोरगा सिड, म्हणून डेबियनच्या कायम अस्थिर शाखेचे नाव सिड. नवे पॅकेज आधी सिडच्या हाती पडते. काही दिवसांत गंभीर बग निघाला नाही तर ते टेस्टिंग शाखेत सरकते. पुढे कधीतरी फ्रीज लागतो, नव्या पॅकेजांना दार बंद होते आणि उरलेले बग वेचण्यात महिने जातात. स्थिर आवृत्ती कधी येणार, या प्रश्नाला डेबियनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे: तयार झाली की. वुडी ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची सार्ज जून २००५ मध्ये. अलीकडे हे अंतर दोन वर्षांच्या आसपास आले आहे, याला काही जुने भक्त उतावळेपणा म्हणत असावेत.

या शिळेपणाचा त्रास वापरणाऱ्यांपेक्षा मूळ लेखकांना अधिक होतो. तीन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या बगबद्दल त्यांना आजही पत्रे येतात. एक्सस्क्रीनसेव्हरचे जनक जेमी झाविन्स्की यांनी यावर इलाज म्हणून ‘ही आवृत्ती फार जुनी झाली आहे, अपग्रेड करा’ असा इशाराच आपल्या प्रोग्रॅममध्ये पेरून ठेवला. २०१६ मध्ये तो डेबियन वापरणाऱ्यांच्या पडद्यावर झळकू लागला आणि रीतसर बग नोंदवला गेला. शिळे वाढणार असाल तर माझा प्रोग्रॅम डेबियनमधून काढूनच टाका, असे झाविन्स्की यांचे म्हणणे पडले. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, त्यामुळे चर्चा भरपूर लांबली.

स्लॅकवेअर डेबियनपेक्षाही महिन्याभराने थोरली आहे. तिची १४.२ ही आवृत्ती २०१६ ची आणि १५.० ही २०२२ ची. तिच्याबद्दल फार लिहावे लागत नाही, कारण तिथे फारसे काही घडत नाही, आणि तिच्या चाहत्यांना नेमके तेच हवे असते.

हाच शिळेपणा करारनामा करून, दहा वर्षांच्या हमीसह विकत हवा असेल तर तो रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या नावाने मिळतो. आवृत्ती जुनीच ठेवायची आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मागे नेऊन तिच्यात शिवायच्या, हे तिथल्या अभियंत्यांचे मुख्य काम. बँका या ठिगळांसाठी आनंदाने पैसे मोजतात. ज्यांना मोजायचे नव्हते ते तोच माल सेंटओएस या नावाने फुकट वापरत. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केले की २०२९ पर्यंत चालणारी सेंटओएस ८ आता २०२१ अखेरीसच संपेल. सॉफ्टवेअर भरवशाचे असले तरी मालकही तितकाच भरवशाचा असतो असे नाही, ही बाब तेव्हा अनेक सर्व्हरवाल्यांना कळली. रॉकी आणि आल्मा या डिस्ट्रो त्याच संतापातून जन्मल्या.

दुसऱ्या टोकाला आर्च. तिथे आवृत्ती हा प्रकारच नाही. माल आला की थेट ताटात. अपडेट करण्यापूर्वी आर्चच्या बातम्या वाचाव्यात अशी अपेक्षा असते आणि बातम्या न वाचणाऱ्याला त्या स्वतःच गाठतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरच्या अपडेटनंतर काहींची यंत्रे बूटच होईनात. ओपनसुसेच्या टंबलवीडने यातून शहाणा मार्ग काढला आहे. तिथे नवी पॅकेजे आली की ओपनक्यूए नावाची यंत्रणा स्वतः इन्स्टॉल करते, बटणे दाबते आणि पडद्याचे चित्र ताडून पाहते. एवढे करूनही बिघडलेच तर डिस्कच्या कालच्या स्नॅपशॉटवर परतता येते. इतकी समंजस डिस्ट्रो असूनही तिच्यावर भांडणारे फार भेटत नाहीत, हा योगायोग नसावा.

आता योगदान. पंगतीत कौतुक वाढप्याचे होते आणि आचारी मांडवामागे घाम पुसत बसतो. डिस्ट्रो म्हणजे वाढपी. खरे सॉफ्टवेअर अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रकल्पात शिजते. म्हणून डिस्ट्रोचे योगदान मोजताना तिचा माणूस वाढता वाढता चुलीपाशी जाऊन हात लावतो का, हे पाहतात. २०१० मध्ये ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाची अशी शिरगणती झाली. रेड हॅटचा वाटा सुमारे १६ टक्के निघाला आणि उबंटूच्या कॅनॉनिकल कंपनीचा जेमतेम १ टक्का. त्या काळी ग्नोम सर्वांत जोमात लोकांच्या पानात वाढत होती ती उबंटूच. साहजिकच बराच धुरळा उडाला.

उबंटूची बाजूही लंगडी नव्हती. २००४ पासून तिने अर्ज करणाऱ्याला जगात कुठेही, टपालखर्चासकट फुकट सीडी पाठवली. इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या भारतातल्या अनेक विद्यार्थ्यांना लिनक्स प्रथम दिसले ते त्या पाकिटातून. संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबंटूचा बग क्रमांक १ म्हणून ‘बाजारात मायक्रोसॉफ्टचे बहुमत आहे’ अशी तक्रार नोंदवली होती. २०१३ मध्ये त्यांनी ती बंद केली. मोबाइल आणि क्लाउडमुळे चित्र पालटल्याचे कारण दिले गेले. श्रेय बहुतांशी अँड्रॉइडचे होते.

रेड हॅटचा हिशेब सरळ आहे. ग्नोम, सिस्टमडी, वेलँड, पाइपवायर अशा कामांवरच्या माणसांचे पगार वर्षानुवर्षे ती देत आली. लिनक्सवाले ज्या ज्या नवलाईच्या नावाने बोटे मोडतात ती बहुधा रेड हॅटच्या पगारपत्रकावर जन्मलेली असते. डेबियनपाशी पगारपत्रकच नाही. पण मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणावे याचे तिने १९९७ मध्ये केलेले नियम थोडा फेरफार करून पुढच्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ची अधिकृत व्याख्या झाले. आर्चचे योगदान म्हणजे तिची विकी, आणि ती उबंटूवालेही गुपचूप वाचतात.

वाढप्याने चुलीत हात घातल्यावर नेहमी भलेच होते असे नाही. २००६ मध्ये डेबियनच्या एका मेंटेनरने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतला तपासणीत खटकणारा कोड काढला. मूळ प्रकल्पाच्या मंडळींना आधी विचारलेही होते आणि कोणी हरकत घेतली नव्हती. त्या सफाईत यादृच्छिकताच वाहून गेली आणि एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या जेमतेम ३२,७६७ किल्ल्या शक्य उरल्या. दोन वर्षे सारे अत्यंत स्थिरपणे चालू होते. मे २००८ मध्ये ही चूक उघड झाली.

मार्च २०२४ मध्ये दोन्ही प्रश्न एकाच प्रकरणात अडकले. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी लायब्ररी, आणि तिचा सारा भार एका थकलेल्या मेंटेनरवर. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षे इमानेइतबारे पॅच पाठवले, अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो सापडला डेबियन सिडवर. एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या गृहस्थांच्या डोळ्यांत खुपले. ते नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते. मूळ ओपनएसएसएचचा एक्सझेडशी काही संबंध नाही. डेबियन, फेडोरा वगैरेंनी सिस्टमडीच्या सोयीसाठी मारलेल्या पॅचमुळे तो जुळला होता. तो पॅच मारण्याचे कष्ट न घेतलेल्या आर्चमध्ये घातक आवृत्ती येऊनही तो दरवाजा निरुपयोगी ठरला. डेबियनची स्थिर शाखा आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स वाचले, कारण तिथवर नवी आवृत्ती पोचलीच नव्हती. आणि पॅच मोजून योगदान ठरवायचे तर त्या काळातला एक्सझेडचा गुणी कार्यकर्ता जिया टॅनच निघतो.

तेव्हा सर्व्हरसाठी डेबियनची स्थिर शाखा निवडावी आणि योगदानाचा मान रेड हॅटला द्यावा. मराठी वाचकाला तर त्यासाठी दूर जायला नको. २००४ मध्ये रेड हॅटने खुले केलेले लोहित टंक कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयातून वर्षानुवर्षे सांभाळले गेले आणि डेबियन, उबंटूतही तेच मिळतात. त्यात एखादे जोडाक्षर मोडलेले दिसले तर आपल्या डिस्ट्रोच्या नावाने कुरकुरण्यापेक्षा पडद्याच्या चित्रासह लोहितच्या मूळ प्रकल्पाला कळवावे. दुरुस्ती झाली की ती सगळ्यांनाच मिळते. डेबियनवाल्यांना ती दोन वर्षांनी मिळेल.