बिनव्याजी काका

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळींत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. ते बिनव्याजी काका. नवं कोणी भेटलं की आपण विचारतो, ‘मूळचे कुठले?’ काका विचारतात, ‘कर्ज किती वर्षांचं घेतलंत?’ समोरचा ‘तीस’ म्हणाला की जन्मठेप ऐकल्यासारखी मान हलवतात.

काकांचा नियम एकच: पगारातून उरेल तेवढंच घर. आधी रोखीने जमीन, मग एक खोली, ओटा आणि न्हाणीघर. बाकीच्या खोल्या बोनस मिळेल तशा. मुलाची स्वतंत्र खोली तयार झाली तेव्हा मुलगा डुनेडिनला शिकायला जाऊन दोन वर्षं झाली होती. काका म्हणाले, ‘बघा, घाई केली असती तर रिकामी पडली असती!’

न्यूझीलंडमध्ये २०१२पासून घराचा सांगाडा, छप्पर असली महत्त्वाची कामं परवानाधारकांनी किंवा त्यांच्या देखरेखीखालीच करायची असतात. मालकाला मात्र प्रतिज्ञापत्र देऊन स्वतःच्या घरावर स्वतः राबता येतं. मदतीला मित्र-नातेवाईक चालतात, फक्त ते बिनपगारी हवेत. कायद्यातला एवढा भाग काकांना तोंडपाठ आहे. ‘मी दिले असते हो पैसे, पण नियमात बसत नाही!’ म्हणून शनिवारी सकाळी पोह्यांचं आमंत्रण येतं. पोहे खरंच मिळतात, पण हातात बशीच्या आधी हातोडी येते.

भिंतींना जिबचे, म्हणजे प्लास्टरबोर्डचे, तक्ते ठोकण्याइतके पैसे जमेपर्यंत घर म्हणजे नुसते उभे लाकडी खांब. काका या खोलीतून त्या खोलीत थेट भिंतीतून जात. पुढेपुढे ते जेवणाआधी भिंतीतून आणि जेवणानंतर दारातून जाऊ लागले. वजन वाढल्याचं त्यांना डॉक्टरांआधी घराने सांगितलं.

ट्रेड मी या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर त्यांना जुन्या खिडक्या मातीमोल भावात मिळाल्या. एकेरी काचेच्या. कौन्सिलच्या इन्स्पेक्टरने उष्णतारोधनाचे नियम दाखवून त्या घराला लावू दिल्या नाहीत. काकांनी परसात त्यांचं काचघर केलं आणि मेथी पेरली. पहिली जुडी मोठ्या प्रेमाने इन्स्पेक्टरपुढे धरली. तो लाच समजून दोन पावलं मागे सरला.

काकांची खरी परीक्षा मार्च २०२०मध्ये झाली. न्यूझीलंडच्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर ०.२५ टक्क्यावर आणला. ‘पैसे जवळजवळ फुकट आहेत, उचला की!’ असं जो तो त्यांना सांगू लागला. काका ढिम्म. मे २०२३मध्ये तोच दर ५.५० टक्क्यांवर गेला, आणि ज्यांच्या कर्जाच्या ठरीव दराची मुदत संपत होती त्यांच्या घरी काका सांत्वनाला जाऊ लागले. चेहरा सुतकी, चाल वरातीतली. नवा हप्ता विचारायचे, ‘अरेरे’ म्हणायचे आणि चकली दुसऱ्यांदा घ्यायचे.

त्याआधी २०२२मध्ये देशभर जिबचा तुटवडा पडला होता. भलेभले बिल्डर एकेका तक्त्यासाठी वणवण करत होते. काकांकडे सेलमध्ये घेऊन ठेवलेली चळतच्या चळत होती. तिच्यावर चादर घालून घरचे जेवत. काकांना भाव आला तो तेव्हाच; आणि काकूंना जेवायला टेबल मिळेल ही आशा सुटली तीही तेव्हाच.

‘एका पैचं कर्ज नाही!’ असं काका छातीवर हात ठेवून म्हणाले की काकू कपाटातून वही काढतात. ‘बँकेचं नाही हो. ह्यांनी सगळं माझ्याकडून उचललंय.’ वहीत नोंदी आहेत: ओटा, तात्पुरता, २०१६पासून. न्हाणीघराचं दार, त्याजागी पडदा, तीन हिवाळे. माहेरची फेरी, छपरात गेली. व्याज चक्रवाढ. वही उघडली की काका कौलांचे भाव विचारायला बाहेर जातात.

जानेवारी २०२६पासून नियमात बसणारं सत्तर चौरस मीटरपर्यंतचं बैठं छोटं घर बांधकाम परवानगीशिवाय बांधता येऊ लागलं. इतकी वर्षं फायलींचा ढीग रचलेल्या काकांनी त्या दिवशी सगळ्यांशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी परसात टेप घेऊन उभे. मग पुढची अट वाचली: काम परवानाधारकांच्या हातून किंवा देखरेखीखाली व्हायला हवं. ‘म्हणजे परवानगी फुकट, माणसं पगारी!’ काका हळहळले, पण टेप काही गुंडाळली नाही.

सध्या घरात वाटाघाटी चालू आहेत. या खेपेला ओटा पहिल्या दिवशी, असं काकांचं वचन आहे. काकूंनी जामीनदार मागितला आहे. आम्हा बिनपगारी मंडळींपैकी एकानेही अजून सही केलेली नाही.