कर्ता फरार

सोलापूरच्या व्यापारी पत्रांवर शुद्धलेखनवाले उगाच खार खाऊन असतात. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली 14 होते, 1972 साली आणखी 4 वाढले. ते पाळायचे कधी? इथे जीएसटीचे पाळतानाच नाकी नऊ येतात. शिवाय मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत घासाघीस करणारं हे गाव वेलांटीसाठी कशाला अडून बसेल?

आणि व्याकरण येत नाही कसं म्हणता? उधारीच्या तगाद्याला आलेलं हे उत्तर वाचा : ‘आपली रक्कम लवकरच पाठविण्यात येईल.’ एकही चूक दाखवून द्या! कोण पाठवणार? कर्ता फरार. कधी? ‘लवकरच’ हे अव्यय आहे, त्यात बदल होत नाही. तीन दिवाळ्या गेल्या, झालेला नाही. आमची नम्र सूचना अशी, की सोलापुरी चादरीसारखं या वाक्यालाही भौगोलिक मानांकन मिळावं आणि त्याच्या अर्जावर कोणीही सही करू नये.

तरीही दुरुस्तीची हौस फिटत नाही. परवा अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्याच्या फाटकावर फळा लागला : ‘1 मे रोजी कामगार दीन असल्याने कारखाना बंद राहील.’ एका निवृत्त मास्तरांनी लगेच खडू काढला. पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या विणकरानं त्यांचा हात धरला.

‘शब्द बरोबर आहे मास्तर. तारीख तेवढी खोडा.’