पैसे देऊन आपणच बोलायचं

जामनेरात सल्ल्याला कधी पैसे पडत नाहीत. झोप येत नाही म्हणा. टपरीवर निदान होतं, भरीत बंद करण्यापासून लग्न उरकण्यापर्यंत इलाज निघतात आणि ग्लास विसळून होईस्तोवर केस सगळ्या बाजाराला ठाऊक. अशा गावातून जळगावला खाजगी समुपदेशकाकडे निघालं की पहिली कसोटी एसटीतच. "कुठी चालला रे भो?" डोळे दाखवायला, म्हणालो. डोळ्यांना अब्रू असते.

तिथे आधी फॉर्म. मग झोप कशी, भूक कशी, घरी कोण कोण, जीव द्यावासा वाटतो का. हे शेवटचं सरळच विचारतात. दचकू नये, रीत आहे ती. पाऊण तास आपणच बोलायचं. सल्ला? शून्य. "तुम्हाला काय वाटतं?" अहो, ते कळत असतं तर तिकीट कशाला काढलं असतं! वर पुढच्या आठवड्याची वेळ. कपाशीला एका फवारणीत गुण येत नाही हे आम्हाला पाठ. मनाला मात्र एका बैठकीत यायला हवा.

बोललेलं बाहेर जात नाही, जिवाला धोका किंवा कायद्याची सक्ती असेल तेवढं सोडून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गोपनीयतेचा हक्क आहे. एसटी टाळायची तर फोनवर सरकारी टेली-मानस, १४४१६, फुकट.

परतीच्या गाडीत तोच भो. "काय म्हने डॉक्टर?"

"पुढच्या बुधवारी परत बोलावलंय."

"मोतीबिंदूच!"

रात्री शेजारच्या काकू शेवग्याचा पाला घेऊन हजर.