करवतीचे सुतक

सुतक कोणी, किती दिवस आणि कितव्या पिढीपर्यंत पाळावे याचा खल आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ केलेला आहे. परंतु मयत खुद्द आपल्याच घरात, अंगावर भुसा घेऊन, धडधाकट उभे असताना सुतक धरावे किंवा कसे, याचा निर्णय एकाही निबंधकाराने देऊन ठेवलेला नसल्यामुळे, मार्च महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही तिघा प्रौढ, सुविद्य आणि नियमित कर भरणाऱ्या गृहस्थांनी माझ्या गॅरेजात उपड्या बादल्यांवर बसून जे काही केले त्याला कोणते नाव द्यावे, हे मला अद्यापि कळलेले नाही. घडले होते ते एवढेच, की आम्हा तिघांकडेही असलेली स्वस्त, हलकी, दहा इंची पात्याची टेबल सॉ तिच्या उत्पादकांनी काढणे बंद केले होते. आमच्याकडच्या तिन्ही काही बंद पडल्या नव्हत्या. तिन्ही उत्तम चालत होत्या, आणि आमच्या कामाचा वेग लक्षात घेता आणखी दोन पिढ्या चालल्या असत्या. कंपनीचे नाव मी येथे घालत नाही, कारण माझी कैफियत कोणत्याही पंचापुढे क्षणभरसुद्धा टिकणार नाही याची मला पूर्ण जाणीव आहे.

टेबल सॉ, जिला मी घरात मेजकरवत म्हणतो आणि जिला घरातले बाकी सर्व लोक ‘तुमचे ते’ म्हणतात, ती म्हणजे पोटात मोटर असलेले एक धातूचे मेज आणि त्याच्या फटीतून वर डोकावणारे दातेरी चक्र. साध्या करवतीत लाकूड स्वस्थ पडलेले असते आणि माणूस घाम गाळतो. येथे करवत जागच्या जागी फिरत राहते आणि लाकूड हातात धरून भक्ताने देवापुढे जायचे असते. हा फरक वाटतो तेवढा लहान नव्हे. माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या घरी फणसाचा ओंडका चिरायचा झाला, म्हणजे तो उंच तिकाटण्यावर चढवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राही, आणि दोघे मिळून ती लांबलचक करवत दिवसभर ओढीत. वरचा रेषेवर नजर ठेवी, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई. कामाची ही वाटणी किती सार्वत्रिक आहे, हे मला पुढे कचेरीत नोकरी धरल्यावर समजले. अमेरिकेत अशी परंपरा सांगतात की, मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड गावच्या शेकर पंथीयांच्या वसाहतीत टॅबिथा बॅबिट नावाच्या बाईने १८१३ च्या सुमारास अशीच दोन माणसे करवत ओढताना पाहिली, त्यांचे निम्मे श्रम परतीच्या ओढीत फुकट जातात हे तिच्या ध्यानात आले, आणि आपल्या चरख्याच्या चाकाकडे पाहता पाहता तिला गोल करवत सुचली. वास्तविक इंग्लंडात सॅम्युएल मिलर नावाच्या गृहस्थाने १७७७ सालीच गोल करवतीचे पेटंट घेतलेले होते. तथापि दोन पुरुष घाम गाळीत असता बाजूला बसलेल्या बाईला त्यातले व्यर्थत्व दिसले, ही कथा आमच्या घरी इतकी तंतोतंत पटली, की मिलरसाहेबांचा हक्क तेथे कोणी मानावयास तयार नाही.

मी ओहायोत कोलंबस शहराच्या एका उपनगरात राहतो. २०११ साली, हिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोणच्याच्या बरण्या ठेवण्यासाठी एक तिपाई आणावी असे सुचविले, तेव्हा तिपाई विकत आणणे हा कोकणस्थ घराण्याच्या हिशेबी परंपरेचा अपमान आहे असे वाटून मी तीनशे डॉलरांच्या आसपास देऊन ती मेजकरवत आणली. चाळीस डॉलरांची तिपाई वाचविण्याकरिता तीनशे डॉलर खर्च करण्यात गणिताची काही चूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांना कोणताही छंद नसावा.

आता त्या करवतीवर मी काय काय केले, याचा तपशील देणे प्राप्त आहे. सर्वप्रथम तिला ठेवण्यासाठी एक भक्कम चौकट केली. मग कापलेली फळी पलीकडे झेलण्यासाठी तिच्या मागे एक मेज केले. आडवे काप काटकोनात यावेत म्हणून तिच्या खाचांतून सरकणारी एक लाकडी गाडी केली. बोटे पात्यापासून दूर राहावीत म्हणून फळी पुढे रेटण्याच्या दांड्या केल्या, आणि त्या दांड्या टांगण्यासाठी एक खुंटाळे केले. म्हणजे दहा वर्षांत मी तिच्यावर जे जे घडविले ते ते तिच्यासाठीच घडविले, आणि एखाद्या जुन्या देवस्थानाप्रमाणे तिचे सर्व उत्पन्न तिच्याच नित्यपूजेत खर्ची पडले. बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर नॉर्म एब्रॅम हे सुतार १९८९ पासून २००९ पर्यंत ‘द न्यू यँकी वर्कशॉप’ या कार्यक्रमात अर्ध्या तासात एक कपाट किंवा पलंग उभा करून दाखवीत. माझ्या पिढीतल्या कित्येक हौशी सुतारांचे ते गुरू. त्या अर्ध्या तासाला काळाचे कोणते परिमाण लावावे, हे मात्र आम्हांपैकी कोणालाही उमगले नाही.

करवत स्वस्त होती, पण तिचा एक गुण महागड्या यंत्रांनाही लाजविणारा होता. फळी ज्या पट्टीला टेकवून पुढे सरकवावयाची ती पट्टी पात्याशी समांतर असावी लागते. ती केसभर तिरकी झाली, की पात्याच्या मागल्या बाजूचे वर येणारे दात लाकडाला धरतात आणि ज्याने ते पुढे ढकलले त्याच्याच अंगावर ते गोळीसारखे परत फेकतात. स्वस्त करवतींच्या पट्ट्या हा घात वरचेवर करतात. आमच्या करवतीला मात्र पुढे आणि मागे दातेरी दांडे होते. एक मूठ फिरविली की पट्टीची दोन्ही टोके एकाच पावलाने चालत, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्यांच्यात मतभेद होत नसे. वजन सुमारे ४५ पौंड, म्हणजे वीस किलोंच्या आसपास. काम संपले की उचलून भिंतीला उभी करून ठेवावी. एकदा मात्र मी पात्यामागची पाचर काढून ठेवण्याचा शहाणपणा केला, तेव्हा मेपलचा एक वीतभर तुकडा माझ्या बरगडीला ओझरता स्पर्श करून गॅरेजच्या दारावर जाऊन आदळला. त्या दाराला पडलेल्या खड्ड्याचा पंचनामा हिने केला, जबाब माझा झाला, आणि दोष निखालस माझाच ठरला, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

आणि तिचे पाते दहा इंची होते. ज्यांनी अमेरिकेत लाकूड विकत घेतले नाही त्यांना या वाक्यातला गहिवर समजणार नाही. या देशात ‘दोन बाय चार’ म्हणून विकतात ते लाकूड मोजले असता दीड इंच बाय साडेतीन इंच भरते, आणि पाऊण इंची म्हणून आणलेले प्लायवुड पुष्कळदा २३/३२ इंच निघते. यात फसवणूक नाही. सर्व काही प्रमाणसंस्थांच्या संमतीने, छापील कोष्टकांनुसार आणि उघड्यावर चालते. परंतु ज्या व्यवहारात प्रत्येक वस्तूचे नाव एक आणि माप दुसरे, तेथे दहा इंची म्हटलेले पाते खरोखर दहा इंच भरावे, ही गोष्ट माणसाचा सत्यावरचा विश्वास टिकवून धरते. तिच्या जागी कंपनीने गादीवर बसविलेल्या नव्या करवतीचे पाते सव्वाआठ इंची होते.

“सव्वाआठ!” असे म्हणून आमचे शेजारी, जे तीस वर्षे टपाल वाटून निवृत्त झालेले आहेत, आपल्या बादलीवर गप्प बसून राहिले. तिसरे सभासद सांगलीचे एक डॉक्टर. ते भूलतज्ज्ञ असल्यामुळे दुसऱ्याच्या दुःखाची तीव्रता कमी करणे हा त्यांचा व्यवसायच. तेव्हा त्यांनी खिशातून कागद काढून, नव्या करवतीची कैफियत शांतपणे वाचून दाखविली. पट्टी पात्यापासून साडेचोवीस इंचांपर्यंत लांब नेता येते, आपल्या करवतीत जेमतेम वीस. पट्टी तीच, दातेरी दांड्यांची. पाते लहान असल्यामुळे कापाची खोली तीन इंचांहून थोडी अधिक होती ती अडीचच्या आसपास आली, हे खरे; “पण अहो,” ते म्हणाले, “पाऊण इंचाहून जाड फळी तुम्ही आजवर कधी कापलीत?”

हा प्रश्न अप्रशस्त होता. मी विषय बदलून सुरक्षिततेकडे नेला, कारण डॉक्टरांना त्या विषयात रस आहे. टेबल सॉमुळे जखमी होऊन अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३०,००० माणसे इस्पितळांच्या तातडीच्या विभागात येतात, आणि त्यांतल्या काहींची गाठ डॉक्टरांशी पडलेली आहे. स्टीफन गॅस या पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेल्या पेटंट-वकिलाने १९९९ साली अशी युक्ती काढली, की पात्यातून एक अल्पसा विद्युत्संकेत खेळत राहावा, बोटाचा स्पर्श होताच त्यात फरक पडावा आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा दातांत घुसून पाते सेकंदाच्या दोनशेव्या भागात जागच्या जागी थांबावे. याचे प्रात्यक्षिक बोटाऐवजी सॉसेज पात्याला लावून देतात. (शाकाहारी घरात ते कशाने द्यावे, हा प्रश्न डॉक्टरांनी मागे एकदा उपस्थित केला होता, पडवळावर एकमत होता होता राहिले.) परंतु या युक्तीची करवत आमच्या करवतीच्या दुपटीहून महाग, शिवाय ती एकदा झडपली की पाते आणि ठोकळा दोन्ही नवे घालावे लागतात. दहा बोटांची किंमत किती धरावी याचा हिशेब डॉक्टरांनी दोन वेळा केला आणि दोन्ही वेळा तो अर्ध्यावर सोडला.

तेव्हा आमचे सुतक कशाचे होते? नवी करवत बहुतेक बाबतींत जुनीहून सरस होती. सुटे भाग मिळत होते. आमच्यापैकी कोणाचे काडीमात्र नुकसान झालेले नव्हते. टपालवाले शेजारी म्हणाले की आपले ठीक आहे, पण नव्याने या छंदात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी काय करावे? त्यांच्या आवाजात इतका कळवळा होता, की असा एकही तरुण आम्हा तिघांच्या ओळखीचा नाही, हे मला बोलवेना. माझे स्वतःचे मत निराळे आहे. प्रत्येक घराच्या अलिखित राज्यघटनेत एक रक्कम ठरलेली असते. तिच्या आत असतो तो खर्च, आणि तिच्या वर असते ते धोरण. खर्च नुसता कळवावा लागतो, धोरणाला मंजुरी घ्यावी लागते. आमच्या घरी ही सरहद्द तीनशे डॉलरांवर आहे, डॉक्टरांकडे तीच पाचशेवर असावी; आणि नव्या करवतीची किंमत माझ्या सरहद्दीपासून थोडीच का होईना, पलीकडे पडत होती. मंजुरी मागावयास गेले असता मागील अनुदानाचा विनियोग कसा झाला, ही पृच्छा ओघानेच येते. महाग हत्यार घेणाऱ्याला काहीतरी करून दाखवावे लागते. स्वस्त हत्याराने मात्र दहा वर्षांत एकदाही तोंड उघडून तिपाईचे काय झाले, असे मला विचारले नव्हते. अशा सोबत्याचा वंश बुडतो आहे, हे ऐकून ज्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही त्याच्या डोळ्यांत भुसाही कधी गेला नसेल.

सभा उठली ती कोणताही ठराव न होता. परंतु सोमवारी मला कचेरीतून निघण्यास उशीर झाला, मंगळवारी प्रकृती बरी नव्हती, आणि गुरुवारी मी इंडियानाच्या सरहद्दीजवळच्या एका गावी, ज्या दुकानाचा शोध मला चौथ्या प्रयत्नात लागला होता, वरच्या फळीवरून धूळ खात पडलेले एक खोके खाली उतरवून घेत होतो. दुकानातल्या मुलाने ही शेवटचीच असल्याचे सांगितले. त्याच दिवशी सकाळी दोन गृहस्थ येऊन प्रत्येकी एकेक घेऊन गेले होते. त्यांपैकी एकाने टपालखात्याची जुनी टोपी घातली होती, आणि दुसरा पैसे देताना बोटे फार जपून वापरीत होता. किंमत सरहद्दीच्या आतच होती, त्यामुळे मंजुरीचा प्रश्न आला नाही.

पहिली करवत चालत असेपर्यंत दुसरीचे खोके फोडण्याचे कारण नाही, म्हणून ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तात्पुरते ठेवले. हिने दुसऱ्याच दिवशी त्यावर जुन्या साडीचा तुकडा घालून लोणच्याच्या पाच बरण्या मांडल्या. उंची तिला हवी होती त्याहून दोन इंच अधिक आहे, तरी तिची तक्रार नाही. आणि ते खोके आता तेथून हलवावयाचे नाही, असे तिने मला सांगून ठेवले आहे.