जांभळ्या स्केच पेनास अनावृत पत्र

रा. रा. जांभळे स्केच पेन,
मुक्काम : नागपूर विभाग पदवीधर व शिक्षक मतदारसंघ



विधान परिषदेच्या मतदानाला आपण तुमसर तालुक्यात येता, पण शिकल्यासवरल्यांच्याच हाती पडता. ते उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. आम्हा सिहोऱ्याच्या धानवाल्यांना सरपंचासाठी एक बटण. शाई मिळते, ती बोटावर. क्रम लावण्याची अक्कल पदवीशिवाय येत नसावी! पहिलीच्या पोरांकडून आकडे गिरवून घेणाऱ्या प्राथमिकच्या गुरुजींनाही शिक्षक मतदारसंघात मत नाही. तिथे माध्यमिक आणि त्यापुढचेच. उलट २०२० साली पदवीधरांची हजारो मते बाद झाली. आकड्याऐवजी बरोबरची खूण केली किंवा दोघांपुढे १ लिहून दोन्ही घरे राखली, की मत बादच.

आमच्याकडे सरपंचकीला चौघे उभे राहतात : एक जिंकायला, एक पाडायला, एक हौशी आणि एक कुणीतरी 'बसा' म्हणेल या आशेने. हौशीच बरा असतो. पण 'त्याला दिलं तर मत वाया', असे पानठेल्यावर ठरते. मग शंभरातली तीस मते घेऊन कुणीतरी गुलाल उधळतो.

आपल्या पद्धतीत निम्म्याहून एक मत जास्त लागते. ते कुणालाच नसेल, तर तळाचा बाद आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला. १९६९ मध्ये गिरी राष्ट्रपती झाले ते असेच. तिसरे राहिलेल्या आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या मतपत्रिकाही पुन्हा उघडाव्या लागल्या. पहिला शर्यतीत असेपर्यंत दुसरी पसंती मोजलीच जात नाही, म्हणून ती पहिल्याच्या मुळावर येत नाही. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत दोन जागा, दोन मते होती. तिथे उभ्या असलेल्या बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांना दुसरे मत पहिल्याच्या मुळावर येईल, अशी धास्ती होती. दुसरे मत कुजवू, म्हणाले. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ते हरले.

सरकारला मात्र पसंत्या भरपूर. सरपंच २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट!

तेव्हा एकदा ग्रामपंचायतीला या. दुसरी पसंती मागायला उमेदवाराला विरोधकाच्या टोलीतही चहा प्यावा लागेल. मोजणीला रात्र जाईल, असे साहेब कुरकुरतील. त्यांना सांगा, मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ बघत आम्ही उजाडेपर्यंत बसतो. इथे तर नकला फुकट.

आपला,
एकबटणी मतदार,
सिहोरा, जि. भंडारा