तीन मिनिटांचा रुसवा

स्विचवरची सगळ्यात सुखाची कमांड म्हणजे 'शो'. 'कॉन्फिग' म्हटलं की हाताला घाम फुटतो. 'शो' म्हटलं की आपण नुसते बघे, आणि बघ्याची भूमिका आपल्याला जन्मजात जमते. त्यातून अंबड एमआयडीसीतल्या आमच्या सर्व्हर रूमला एसी आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मी राउटिंगचे टायमर जरा जास्तच बारकाईने बघतो.

'शो आयपी प्रोटोकॉल्स' मारलं की स्विच मन मोकळं करतो. अपडेट दर 30 सेकंदांनी, पुढचं 13 सेकंदांत. एखाद्या रस्त्याची 180 सेकंद खबर नाही आली, तर तो बाद. मग 180 सेकंद होल्डडाउन. 240 झाले की यादीतून नावच कट. हा आमचा जुना राउटिंग प्रोटोकॉल, रिप. त्याची नियमावली 1988ची, पण रिटायर व्हायचं नाव नाही.

होल्डडाउन म्हणजे शुद्ध लग्नघरातला रुसवा. रस्ता गेला असं एकदा मनाने घेतलं की शेजारच्या स्विचने "अहो, माझ्याकडून वाट आहे" म्हणून कितीही विनवलं तरी ऐकायचं नाही. यात शहाणपण आहे बरं का! ती बातमी बरेचदा आपलीच असते, गावभर फिरून परत आलेली. तिच्यावर विसंबलं तर पाकिटं दोन स्विचमध्ये गोल गोल फिरत बसतात. खरी गंमत हिशोबात आहे. 180 आणि 240 ही दोन्ही घड्याळं शेवटच्या खबरेपासून चालतात. रुसवा सुरू होतो 180ला, नाव पुसलं जातं 240ला. म्हणजे तीन मिनिटांसाठी धरलेला रुसवा मिनिटभरातच आटोपतो, कारण ज्याच्यावर रुसायचं तोच यादीत उरत नाही.

सातपूरच्या प्लांटकडे जाणारी लाइन मात्र ओएसपीएफ या दुसऱ्या प्रोटोकॉलवर. तिथे दर 10 सेकंदांनी 'हॅलो', आणि 40 सेकंद हॅलो नाही आला की शेजारी 'डेड'. शिवाय हे आकडे दोन्हीकडे सारखेच लागतात. पत्रिकेत 36 पैकी 18 गुण जुळले की गुरुजी मुहूर्त काढायला बसतात. इथे दोनच गुण, आणि दोन्ही जुळायलाच हवेत. मध्यंतरी एका उत्साही व्हेंडरने सातपूरच्या टोकाला हॅलो 5 करून ठेवला. त्याच्यामागे डेड आपोआप 20वर आला. केबल शाबूत, दिवा हिरवा, पिंग जातोय, पण सोयरीक काही होईना.

दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसलो होतो, तेवढ्यात मोठे साहेब आत आले.

"काय चाललंय?"

"टायमर बघतोय, साहेब."

साहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा वर सरकवला. नजर रिपच्या खिडकीवर थांबली.

"हे पुढचं 13 सेकंदांत म्हणजे खरंच 13 सेकंदांत येतं?"

"फार तर एखादा सेकंद इकडे-तिकडे."

साहेब थोडं जवळ सरकले. "मग यावर आपल्या त्या पेमेंट अडकवलेल्या पार्टीचं बघता येईल का?"