ओरिजिनल अप्पा

जुनी गाडी घेणारा माणूस नखांवरून ओळखावा. कितीही साबण लावला तरी त्याच्या नखांत एक काळी रेघ उरते आणि ती तो लपवत नाही. उलट पाहुण्यांसमोर बोटं जरा पसरूनच चहाचा कप धरतो. आमच्या गल्लीतले अप्पा या जातीचे. कोल्हापूरच्या जिल्हा परिषदेत नोकरी झाली, तोवर त्यांच्या बोटांना लागलीच तर शिक्क्याची शाई लागायची. निवृत्तीनंतर ते हरिपाठाला लागतील असा नातेवाइकांचा अंदाज होता. अप्पांनी कागलकडच्या एका गोठ्यातून १९५१ सालची मॉरिस मायनर आणली. स्वतःचा जन्मही त्याच सालचा, एवढं कारण त्यांना पुरलं.

गाडी टेम्पोवर बसून आली. मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी होती, ती उठायला तयार नव्हती, म्हणून तिच्यासकट आली. "चला, एक तरी कामाची वस्तू आणली," एवढंच काकू म्हणाल्या आणि कोंबडी घेऊन परसात गेल्या. त्या दिवसापासून अप्पांच्या तोंडी 'ही' म्हणजे गाडी. 'हिला आज बरं नाही' असं ते म्हणाले तर गल्लीत कुणी काकूंची चौकशी करत नाही.

जुन्या गाडीला आधी इंजिन लागत नाही, घराणं लागतं. मायनरचा मूळ मालक पहिल्या आठवड्यात गुळाचा अडत्या होता. गणपतीपर्यंत तो सिव्हिल सर्जन झाला. दिवाळीच्या फराळाला बसलो तेव्हा गाडी संस्थानच्या दिवाणांकडे पोचली होती. मी भीत भीत म्हटलं, "अप्पा, कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. गाडी १९५१ ची."

अप्पांनी चकली मोडली. "संस्थान विलीन झालं. दिवाण कुठं विलीन झाले?"

अप्पांचा धर्म एकच, ओरिजिनल. इंग्लंडात या गाडीचे नवे पार्ट आजही तयार होतात आणि घरपोच येतात. पण नवा पार्ट म्हणजे अप्पांच्या लेखी दत्तक. इस्टेट सांभाळेल, रक्त कुठून आणणार? म्हणून ते रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरतात, मुंबईला लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत चोरबाजार गाठतात, आणि दाराची गंजकी कडी रुमालात गुंडाळून आणतात. ती मायनरची निघाली नाही तरी वाईट वाटून घेत नाहीत. कुठल्या तरी गाडीची ती ओरिजिनलच असते.

गाडीतून निघालेला कुठलाही तुकडा ते मिस्त्रीकडे सोडत नाहीत. झिजलेला बुश, चिरलेलं पॅकिंग, वाकडा खिळासुद्धा, "जुना पार्ट परत द्या" हे वाक्य ठरलेलं. घरी त्यासाठी आवक-जावक रजिस्टर आहे. अनुक्रमांक, पार्टचं नाव, मॉडेल, कुठून निघाला, आणि शेवटी शेरा. मग तो पार्ट बिस्किटाच्या डब्यात आणि डबा काकूंच्या फडताळात जातो. काकूंनी एकदा पापडाचा डबा समजून उघडला तर आत ब्रेकचे लायनर निघाले.

कोल्हापुरात राहणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला उद्यमनगर असतं. तिथल्या लेथवर नमुना ठेवा आणि चहा पिऊन या, तुकडा तयार. पण अप्पांच्या मिस्त्रीची अडचण वेगळी होती. हातातला नमुनाच झिजलेला, आणि अप्पांचा आग्रह, अगदी असाच पाहिजे. "अप्पा, झिजल्यालाच बनवू काय?" मिस्त्रीनं विचारलं. अप्पा क्षणभर विचारात पडले, हे मी स्वतः पाहिलं.

खरा तमाशा डेंटरकडे झाला. या गाडीच्या बॉनेटवर मधोमध चार इंच रुंदीची एक पट्टी असते. अलेक इसिगोनिस या कर्त्या पुरुषानं गाडीचा नमुना तयार केला, तो बघून त्याला ती अरुंद वाटली. मग त्यानं ती उभी कापायला लावली आणि दोन अर्धुकं नजरेला बरी दिसेपर्यंत लांब सरकवली. चार इंच वाढली, तीच ही पट्टी. बंपर तर आधीच तयार होते. तेही मधे कापून जोड दिले आणि १९४८ साली गाडी बाजारात आणली. आमच्या डेंटरला हा इतिहास कुठून ठाऊक असणार? पूर्वी कुणीतरी भोंगळ वेल्डिंग केलंय असं समजून त्यानं मोठ्या प्रेमानं पट्टी ठोकायला घेतली. अप्पा पोचले तेव्हा हातोडी वर होती. असे ओरडले की शेजारच्या गॅरेजमधल्या दोन रिक्षांखालून माणसं बाहेर आली.

त्यानंतर बॅटरीवाला पोरगा. आजच्या गाड्यांत बॉडीला मायनस जोडतात. त्या काळच्या विलायती गाड्यांत बॉडीला प्लस असे. पोरानं हाताच्या सवयीनं तारा जोडल्या आणि कटाऊटमधून धुराची बारीक रेघ निघाली. "प्लस बॉडीला लावायचा असतोय व्हय?" पोरगं म्हणालं, "मग आधीच सांगायचं न्हाई का?" "पंचाहत्तर वर्षं सांगतेय ती," अप्पा म्हणाले आणि कटाऊट रुमालात गुंडाळून रजिस्टरकडे निघाले.

अप्पांचा सगळ्यात मोठा वहीम पुढच्या चाकांवर. मायनरची पुढची चाकं ज्या सांध्यांवर वळतात, त्यांतल्या खालच्या सांध्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर त्याचे आटे झिजतात, सांधा सुटतो आणि चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. हे कळल्यापासून अप्पा दर शनिवारी मारुतीला तेल आणि मायनरला ग्रीस घालतात. ग्रीसगन घेऊन फरशीवर उताणे झोपतात, उठताना डाव्या गुडघ्यावर हात दाबून "आई गं" म्हणतात, आणि काकू आतून विचारतात, "कोण, ती का तुम्ही?"

पेट्रोलचं दुखणं तर घरातलंच. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. व्हॉल्व्हच्या बैठकींना ते शिसं सांभाळायचं. देशात शिसं घातलेलं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. इथेनॉल होतं उसापासून. अप्पांची पंचगंगेकाठी दोन एकर उसाची. "म्हणजे बघा," अप्पा पंपावरच्या पोराला सांगत होते, "माझाच ऊस कारखान्याला जाणार आणि हिचीच रबरं खाणार." पोरानं शांतपणे विचारलं, "मग भरू का नको?"

एका रविवारी मात्र ती सुरू झाली. हँडल मिस्त्रीनं मारलं, नारळ काकूंनी फोडला, आणि आम्ही चौघं पन्हाळ्याला झुणका-भाकर खायला निघालो. वाघबीळपर्यंत कारखान्याकडे निघालेले उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकत होते. वळायचं म्हटलं की दाराच्या मागच्या खांबातून एक पिवळा बाण बाहेर येतो. मागच्या माणसाला वाटतं दार उघडलं; तो थांबतो. गाडी वळते, बाण मात्र आत जात नाही. मग अप्पा आतून खांबाला एक गुद्दा घालतात. माझी जागा त्या खांबाजवळची होती, म्हणून हे खातं माझ्याकडे आलं.

घाटात पाणी उकळलं. या इंजिनाला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड झालं की खाली उतरतं, अशी साधी व्यवस्था. चढावर तिचा धीर सुटतो. बॉनेट उघडून उभे राहिलो आणि जत्रा जमली. जोतिबाला निघालेली पोरं फोटो काढू लागली, एका आजोबांनी दरवाजावरून हात फिरवला, एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारायची थांबवून विचारलं, "किती देती?" हा प्रश्न अप्पांना एरवी सोसत नाही. पण त्या दिवशी त्यांनी चौकशीला सविस्तर उत्तर दिलं, दिवाणांपासून सुरुवात करून. उत्तर संपलं तोवर पाणी निवलं होतं आणि एसटी गेली होती.

पुढचा मुक्काम कागदांचा, आणि इथे अप्पांचा जन्म सार्थकी लागला. २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर विंटेज म्हणून नोंद होते. पण ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यालाच तिनं बाहेर पडायचं. अप्पांनी हा नियम मिस्त्रीला मोठ्यानं वाचून दाखवला. मिस्त्रीनं हात पुसले. "पेट्रोल आन् दुरुस्ती? मग आता तरी दुसरं काय करती ती?"

यंदा डाव्या गुडघ्यानं हात टेकले. मायनरचा क्लच दाबायचा पाय तोच. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो वर धरला आणि म्हणाले, "वंगण संपलंय, सांधा बदलावा लागेल." अप्पांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. मग प्रश्न सुरू झाले. ग्रीस घालून चालणार नाही का? नवा सांधा कुठल्या बनावटीचा? माप बरोबर बसतं, का घासून बसवता? काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही करा. यांना विचारत बसलात तर ते चोरबाजारात बघून येतो म्हणतील."

ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर आल्यावर अप्पांनी काकूंना शोधलं नाही, पाणी मागितलं नाही. नर्सबाईंना जवळ बोलावून ते म्हणाले, "जुना पार्ट परत द्या." नर्सबाईंना वाटलं भूल अजून उतरली नाही. डॉक्टर आले, त्यांनी समजावलं, नियम दाखवला. नियम म्हटल्यावर अप्पा गप्प बसले. नोकरीतली शिस्त शेवटी कामी आली.

घरी आल्यावर त्यांनी पलंगावरच रजिस्टर मागवून घेतलं. नोंद मी पाहिली आहे. पार्ट : डावा गुडघा. मॉडेल : १९५१, ओरिजिनल. जावक. शेरा : मागणी करूनही परत मिळाला नाही, तरी डबा राखून ठेवावा.